उद्यमनगरात दुरुस्तीला आलेली सीमा

मोराविना आणि तेलगार या दोन देशांमधली सीमा तुटली, म्हणून ती दुरुस्तीसाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, हेमलता नेजदार यांच्या वर्कशॉपमध्ये आली.

आधी त्या दोन्ही सरकारांनी आसपासच्या देशांत चौकशी केली होती. तिकडं सगळेजण नवीन सीमा करून द्यायला तयार होते, पण जुनी दुरुस्त करायला कुणी हात लावेना. ‘याचे पार्ट आता मिळत नाहीत,’ असंच उत्तर सगळीकडून आलं. मग कुणीतरी त्यांना उद्यमनगरचं नाव सांगितलं. इथं पार्ट मिळत नसला की तो करून घेतात.

माझं स्प्रिंगचं वर्कशॉप हेमलताताईंच्या शेजारीच आहे. सीमा घेऊन ट्रेलर आले तेव्हा माझं अर्धं शटर झाकलं गेलं होतं, त्यामुळं माल उतरताना मी समोरच उभा होतो. कागदावर वर्णन लिहिलं होतं, ‘सीमा, जुनी, वापरलेली, एक नग.’ सीमा मनगटाएवढी जाड आणि करड्या रंगाची होती. दोराच्या भेंडोळ्यासारखी गुंडाळून आणली होती, आणि तिला एका ठिकाणी भाजलेल्या विटा चिकटलेल्या होत्या. वजन मात्र आम्हाला वाटलं होतं तेवढं नव्हतं. क्रेन बोलावली होती, पण चार माणसांनीच ती उतरवली.

ताईंचं वय पन्नाशीच्या आसपास. इथल्याच कॉलेजातून त्या मेकॅनिकल इंजिनिअर झाल्या आणि वडील गेल्यावर वर्कशॉप त्यांनी हातात घेतलं. साखर कारखान्याचे गिअर, क्रेनचे हुक, एकदा एका देवळाची तडा गेलेली घंटा, असलं सगळं त्यांनी दुरुस्त केलेलं आहे. कोल्हापुरातल्या बायका बोलतात तशा त्याही ‘मी करतो, मी बघतो’ असंच बोलतात. आलेलं काम त्या दोन्ही हातांनी चाचपतात, आणि मगच होईल की नाही ते सांगतात. सीमाही त्यांनी तशीच चाचपली.

“हुईल,” त्या म्हणाल्या.

सीमेबरोबर दोन्ही देशांचे एकेक प्रतिनिधी आले होते. मोराविनाचे कर्नल वेस्तिन उंच आणि ताठ होते, बसतानाही उभे असल्यासारखे दिसायचे. तेलगारच्या श्रीमती युल्गा ओदेर परराष्ट्र खात्यात होत्या आणि सदैव स्वेटर घालायच्या, कोल्हापूरच्या एप्रिलमध्येसुद्धा. काम कोल्हापुरात करून घ्यायचं म्हणून दोघंही मराठी शिकून आले होते. शिकायला त्यांना सरकारी पत्रव्यवहाराचं पुस्तक मिळालं होतं.

“तुटली कशी?” ताईंनी पहिल्या दिवशी विचारलं.

“सदर सीमा तेलगारच्या बाजूने ओढली गेल्यामुळे तुटली,” कर्नल म्हणाले.

“सदर सीमा मोराविनाच्या बाजूने ओढली गेल्यामुळे तुटली,” युल्गाबाई म्हणाल्या.

“म्हणजे दोन्हीकडनं वडली,” ताई म्हणाल्या. दोघांनीही याला तोंडी हरकत घेतली आणि मग खुर्च्या ओढून बसले.

नुकसान बघायचं म्हणून ताईंनी सीमेचा थोडा भाग अंगणात सरळ पसरला, तेव्हा अडचण झाली. सीमा कुठंही सरळ पसरली तरी तिच्या एका बाजूला मोराविना असतो आणि दुसऱ्या बाजूला तेलगार. त्यामुळं लेथ आणि ड्रिल मशीन मोराविनात गेलं, आणि पाण्याची टाकी, संडास आणि इक्बालभाईंची सायकल तेलगारात. इक्बालभाई मुजावर हे ताईंचे जुने वेल्डर, ताईंच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. ते लेथजवळ उभे होते.

“मॅडम, पाणी प्यायचं हाय,” ते म्हणाले.

“आपण अर्ज सादर करावा,” युल्गाबाई सौजन्यानं म्हणाल्या. “तेलगारमध्ये प्रवेशाबाबत सहानुभूतीपूर्वक विचार केला जाईल.”

ताईंनी एकदा टाकीकडं आणि एकदा इक्बालभाईंकडं बघितलं. “गुंडाळा ती,” त्या म्हणाल्या.

त्यानंतर सीमा भेंडोळ्यातच ठेवली. दोन लोखंडी घोड्यांवर हातभर लांबी बाहेर काढायची, तपासायची आणि पुन्हा आत सरकवायची. त्यामुळं एका वेळी पाटाएवढेच देश पसरायचे आणि कामात अडथळा होत नव्हता.

तपासताना ताईंच्या लक्षात आलं की सीमा एकाच जागी तुटलेली असली तरी त्या जागेच्या दोन्ही अंगांना जुन्या वेल्डिंगचे जोड होते. एकाला लागून दुसरा, दुसऱ्याला लागून तिसरा. कुणीतरी पुन्हा पुन्हा जोडली होती आणि दर वेळी जोडाच्या शेजारी नवा तडा गेला होता. चिकटलेल्या विटाही तिथंच होत्या.

त्या विटांच्या मालकीणबाई आठवड्याभरात येऊन पोचल्या. त्यांचं नाव मार्ता. सीमेच्या ज्या वळणावर ती तुटली होती, तिथंच त्यांचं पेर्ना हे गाव, आणि गावात त्यांची पावाची भट्टी. भट्टीची मागची भिंत सीमेला लागून होती, म्हणून सीमा उचलून नेली तेव्हा काही विटा तिच्याबरोबर आल्या. मार्ताबाई विटा मागायला कोल्हापूरपर्यंत आल्या होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं. त्या बोलायच्या आणि युल्गाबाई सांगायच्या, आणि युल्गाबाईंनी काही गाळलं तर कर्नल सांगायचे.

इक्बालभाईंनी छिन्नीनं एकेक वीट अलगद सोडवली, तुटू न देता. मार्ताबाईंनी त्या चादरीत बांधल्या, पण त्या निघाल्या नाहीत. स्टुलावर बसून राहिल्या.

“अर्जदार विचारत आहेत की काम कधी पूर्ण होईल,” युल्गाबाई म्हणाल्या.

“महिनाअखेर. मी दिलेली तारीख चुकवत न्हाई,” ताई म्हणाल्या.

हे सांगितल्यावर मार्ताबाई बराच वेळ बोलल्या. युल्गाबाईंनी थोडक्यात सांगितलं, “अर्जदारांनी विलंबाची विनंती केली आहे.” मग कर्नल खाकरले आणि त्यांनी सगळं सांगितलं. मार्ताबाईंची मुलगी पलीकडच्या आळीत दिली होती. भट्टीच्या मागच्या खिडकीतून तिचं अंगण दिसतं. पण मधे सीमा, त्यामुळं लेकीकडं जायचं तर आधी राजधानीत जायचं, परवाना काढायचा, दुसऱ्या देशाची राजधानी गाठायची आणि तिथून उलटं यायचं. नातू झाला तेव्हा त्यांनी तो अंगणात झोळीत बघितला, लांबून. सीमा दुरुस्तीला गेली त्या दिवसापासून लेक रोज सकाळी नातवाला कडेवर घेऊन पाव न्यायला येते. मार्ताबाईंचं म्हणणं इतकंच होतं, की घाई करू नका, काम नीट होऊ दे.

ताईंनी मार्ताबाईंना चहा दिला आणि घोड्यांजवळ जाऊन पुन्हा सीमा चाचपायला लागल्या.

इकडं सीमा दुरुस्तीला आलेली असताना तिकडचे व्यवहार थांबले नव्हते. दोन्ही देशांच्या शेअर बाजारात काटेरी तारेच्या कंपन्या रोज खाली येत होत्या आणि बसच्या व बेकरीच्या कंपन्या वर जात होत्या. देशांना पत ठरवून देणारी जी मोठी संस्था आहे, तिनं पत्रक काढलं की ज्या देशाला कड नाही त्याची पत ठरवता येत नाही. त्यामुळं दोन्ही देशांच्या कर्जरोख्यांना गिऱ्हाईक मिळेना. मोराविनाचा मित्र असलेला एक मोठा देश आणि तेलगारचा मित्र असलेला दुसरा मोठा देश, दोघांनीही चिंता व्यक्त केली. त्यातल्या एकानं चिंतेवर न थांबता जाहीर केलं की सीमा महिनाअखेरपर्यंत परत गेली नाही, तर कोल्हापुरातून येणाऱ्या प्रत्येक कास्टिंगवर, पंपावर आणि स्प्रिंगवर दुप्पट आयात शुल्क लावलं जाईल.

माझ्या स्प्रिंगा त्याच देशात जातात. उद्यमनगरातल्या निम्म्या फाउंड्र्यांचा मालही तिकडंच जातो. आम्ही सात-आठजण मिळून ताईंकडं गेलो. दुपारची वेळ होती, डबा उघडून ठेवला होता पण त्यांनी खाल्लेलं दिसत नव्हतं.

“ताई, देऊन टाका,” मी म्हणालो. “जोडा आणि पाठवा. पुन्हा तुटली तर बघू.”

“अण्णा, तुम्ही स्प्रिंग असली देता काय? पुन्हा तुटली तर बघू म्हणून?”

असली स्प्रिंग मी कधी दिलेली नाही.

“वेळेत दिलं तर त्या बाईची लेक परत पलीकडं जाती,” ताई म्हणाल्या. “उशिरा दिलं तर तुमच्या भट्ट्या बंद पडत्यात. आन् नुसती चिकटवून दिली, तर पुढच्या थंडीत परत तुटती आन् मग त्यांच्या तोफा बाहेर येत्यात. मी तिन्ही बघायलोय. तुम्ही जावा, मला इचार करू दे.”

फाउंड्रीवाल्यांपैकी एकानं विचारलं, “तारीख चुकणार न्हाई न्हवं?”

“आजपर्यंत चुकलीया?”

नव्हती चुकली. आम्ही परत आलो.

दोनच दिवसांनी पुण्याहून केतन उपासनी आला. त्याची ‘सरहद्द टेक्नॉलॉजीज’ नावाची कंपनी आहे आणि तिचे शेअर बाजारात यायचे होते. निळा सदरा, पाठीला सॅक, आणि बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडं न बघता त्याच्या थोडं वर बघायची सवय. बोलायला हुशार आणि स्वभावानं गोड होता. येताना सगळ्यांसाठी बाकरवडी घेऊन आला होता.

“मॅडम, तुम्ही यात आमचं एक छोटं मॉड्यूल बसवायचं,” तो म्हणाला. हातात त्यानं काडेपेटीएवढा एक डबा धरला होता. “दर शंभर मीटरला एक. मग ही साधी सीमा राहत नाही, स्मार्ट होते. कोण आलं, कोण गेलं, सगळं मोबाइलवर. दर महिन्याला वर्गणी. आमच्या शेअरविक्रीच्या कागदपत्रात हेच पहिलं काम म्हणून दाखवलंय.”

“मालकाला इचारल्याबिगर मी दुरुस्तीच्या मालात काय बसवत न्हाई.”

“विचारलंय ना! दोन्ही सरकारांची मान्यता आहे.” त्यानं मोबाइल काढून दाखवला. “दोघांनी प्रीमियम घेतलंय.”

“प्रीमियममधी काय असतंय?”

केतननं पहिल्यांदाच ताईंच्या चेहऱ्याकडं बघितलं. “ते गोपनीय आहे,” तो म्हणाला.

त्या वेळी कर्नल आणि युल्गाबाई आपापल्या खुर्च्यांवर बाकरवडी खात होते. ताईंनी तिथूनच विचारलं, “कर्नलसाहेब, तुमच्या प्रीमियममधी काय हाय?”

कर्नल ताठ झाले, म्हणजे होते त्याहून अधिक. “सदर माहिती देता येणार नाही.”

“युल्गाबाई, तुमच्या?”

“सदर माहिती देता येणार नाही.”

“बरं,” ताई म्हणाल्या. त्यांनी केतनच्या हातातला डबा घेतला, घोड्यांवरच्या सीमेला चिमट्यानं लावला आणि बाजूला झाल्या. “आता दोघं आपापला मोबाइल काढा आन् काय घेतलंय ते चालतंय का बघा. माल ट्रायल घेतल्याशिवाय मी पास करत न्हाई.”

ट्रायलला नकार द्यायचं काही कारण त्यांच्या पुस्तकात नव्हतं. दोघांनीही मोबाइल काढले, एकमेकांकडं पाठ केली आणि बटण दाबलं.

हातभर सीमा घोड्यांवर एकदा डावीकडं सरकली, मग उजवीकडं सरकली. मग दोन्हीकडं एकदम सरकायला लागली आणि तिच्यातून कर्र असा आवाज यायला लागला. इक्बालभाईंनी पुढं होऊन चिमटा काढला. सीमा शांत झाली. जुन्या वेल्डिंगला नखाएवढा नवीन तडा गेला होता.

युल्गाबाईंच्या हातात अर्धी बाकरवडी तशीच होती.

“आपणांस सीमा मोबाइलवरून सरकवता येणार होती,” कर्नल त्यांना म्हणाले.

“आपणांसही,” युल्गाबाई म्हणाल्या.

“मला असे सांगण्यात आले होते की ही सुविधा फक्त आम्हांस आहे.”

“मलाही.”

दोघांनी केतनकडं बघितलं. केतननं सांगितलं की करारात ‘फक्त’ हा शब्द कुठंही नाही. ते खरं होतं. दोघांनी करार तिथल्या तिथं वाचून बघितला.

ताईंचं लक्ष मात्र त्यांच्याकडं नव्हतं. त्या नव्या तड्याकडं बघत होत्या. मग त्यांनी भेंडोळ्यातून जुन्या जोडांचा सगळा भाग हातभर-हातभर करून काढून बघितला, दोन वेळा. दुसऱ्या वेळी त्या हसल्या.

“कर्नलसाहेब, तुमच्याकडं थंडी लई असती न्हवं?”

“होय. उणे तीसपर्यंत.”

“आन् उन्हाळा?”

“उन्हाळा कडक असतो,” युल्गाबाईंनी सांगितलं.

“मग वडून नुसती न्हाई तुटली,” ताई म्हणाल्या. “एवढी लांब वस्तू, उन्हाळ्यात वाढणार, थंडीत आकसणार. तिला कुठंतरी सांध लागती, मोकळी फट. पुलाला ठेवत्यात, रुळाला ठेवत्यात. तुमच्या लोकांनी सीमा पहिल्यापासून अखंड केली. फट दिसली की भरून टाकली. म्हणून ती दर वेळी त्याच जागी सुटायची. तुम्ही म्हणायचा त्यांनी वडली, त्या म्हणायच्या तुम्ही वडली. दोघांनी वडली हे तर खरंच. पण सांध असती तर वडूनसुद्धा तुटली नसती.”

“म्हणजे आपण काय करणार?” कर्नलांनी विचारलं.

“हा सगळा जुन्या जोडांचा भाग कापून काढतो आन् भरत न्हाई. दोन्ही टोकं नीट करतो, टोपण बसवतो. मधी मोकळं.”

“किती मोकळं?”

ताईंनी कापायच्या जागेवर दोन्ही बाजूंना खडूनं खूण केली. “एका गावाएवढं,” त्या म्हणाल्या.

युल्गाबाई उभ्या राहिल्या. “सदर गाव मग कोणाचे?”

“ते मी सांगत नसतो. पुलातली फट कुठल्या कमानीची, असं कुणी इचारतंय काय?”

“हे आम्हांस मान्य होणार नाही.”

“नका करू मान्य. जोडून देतो. मग गॅरंटी न्हाई. आन् बिलावर तसं लिहून देणार, की गिऱ्हाइकाच्या आग्रहावरनं सांध ठेवली न्हाई. पत ठरवणाऱ्या त्या संस्थेनं इचारलं तर तेच बिल दाखवा.”

युल्गाबाई खाली बसल्या. त्या दिवशी दोघंही आपापल्या राजधानीशी बोलत वर्कशॉपच्या आवारात फेऱ्या मारत होते, एक नळाच्या बाजूनं आणि एक फाटकाच्या बाजूनं. मोराविनाच्या सरकारला भीती होती की अखंड सीमा असली तर तेलगार ती पुन्हा ओढून तोडेल. तेलगारच्या सरकारला मोराविनाबद्दल तीच भीती होती. पत ठरवणाऱ्या संस्थेनं कळवलं की गॅरंटी असलेली सीमा मिळाली तर फटीबद्दल त्यांची हरकत नाही. कडा दोन लागतात, त्या आहेत. ज्या मोठ्या देशानं शुल्काची धमकी दिली होती, त्याला फक्त तारखेशी मतलब होता. संध्याकाळी चहाच्या वेळी कर्नलांनी ताईंना होकार दिला. युल्गाबाईंनी त्यांचं बोलणं संपेपर्यंत थांबून स्वतंत्रपणे होकार दिला.

मग कर्नल हळूच एक गोष्ट बोलले. पेर्नाच्या चौकीवरचे त्यांचे शिपाई अलीकडं मार्ताबाईंच्या भट्टीवर नाश्ता करतात.

“आमचेही,” युल्गाबाई म्हणाल्या. “त्याच बाकावर.”

कापायचं काम इक्बालभाईंनी केलं. एवढी वर्षं मी त्यांना गॅस कटर धरताना बघतोय, पण त्या दिवशी त्यांनी आधी टोपी नीट केली. कापून निघालेला तुकडा दोन्ही देशांनी मागितला, म्हणून ताईंनी निम्मा निम्मा तोलून दोघांना दिला. टोकांना गोल टोपणं बसवली, कुणाला लागू नये म्हणून. आतून ग्रीस भरलं. भेंडोळं न सोडता ओढण्याची चाचणी घेतली, एका टोकाला ट्रक लावून आणि दुसऱ्याला ट्रॅक्टर. सीमा थोडी लांबली आणि सोडल्यावर जागेवर आली.

मार्ताबाई हे सगळं विटांच्या गाठोड्याशेजारी बसून बघत होत्या. काय झालं ते त्यांना युल्गाबाईंनी समजावून सांगितलं, या वेळी काहीही न गाळता. मार्ताबाई उठल्या आणि त्यांनी ताईंचे दोन्ही हात धरले. हात ग्रीसनं भरलेले होते.

“त्यांना सांगा,” ताई म्हणाल्या, “मी त्यांच्यासाठी केलं न्हाई. कामाला लागत हुतं.”

मी मधल्या भिंतीजवळ उभा होतो, मला ऐकू आलं. युल्गाबाईंनी ते वाक्य मार्ताबाईंना सांगितलं की नाही, मला माहीत नाही. सांगितलं असलं तरी मार्ताबाईंनी हात सोडले नाहीत.

सीमा महिनाअखेरच्या आदल्या दिवशी रवाना झाली. शुल्क लागलं नाही, उद्यमनगरातल्या भट्ट्या चालू राहिल्या आणि माझ्या स्प्रिंगा वेळेवर गेल्या. केतननं शेअरविक्रीच्या कागदपत्रात दुरुस्ती करून ‘सीमा व्यवस्थापन’ खोडलं आणि ‘सांध व्यवस्थापन’ लिहिलं. शेअर जेवढे विकायचे होते त्याच्या अकरापट मागणी आली. कंपनी नेमकं काय करणार हे त्यानं अजून ठरवलेलं नाही, पण ताईंना त्यानं सल्लागार म्हणून विचारलं होतं. ताईंनी सांगितलं, काम घेऊन ये, बघतो.

माल बसवून चालू करून द्यायचं, हे ताईंच्या दरातच असतं. त्यामुळं त्या आणि इक्बालभाई सीमेच्या मागोमाग मोराविनाला गेले. तिथून गाडीनं सीमेच्या जागेपर्यंत पोचले. एक टोक मोराविनाच्या शिपायांनी धरलं, दुसरं तेलगारच्या. इक्बालभाई पातळी बघायची पाणसळ घेऊन मधे बसले. दोन्ही टोकं आपापल्या जागी बसली आणि मधे पेर्ना गाव राहिलं, त्याच्या चर्चसकट, भट्टीसकट आणि मार्ताबाईंच्या लेकीच्या अंगणासकट. दोन दिवस उन्हात आणि दोन रात्री थंडीत सीमा कशी वागते ते बघायला दोघं तिथंच राहिले. इक्बालभाईंनी भट्टीची मागची भिंत बांधून दिली, त्याच विटांची. मागं आता टेकायला काही नव्हतं म्हणून जरा जाड बांधली.

येताना मुंबईच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणारा अधिकारी तरुण होता. त्यानं ताईंच्या पासपोर्टची पानं पुढं-मागं केली.

“मॅडम, तुम्ही मोराविनातून बाहेर पडल्याचा शिक्का आहे. नंतर पुन्हा आत आल्याचा आहे. मधल्या दिवसांत दुसऱ्या कुठल्या देशात गेल्याचा शिक्का नाही. कुठं होता?”

“सांधीत,” ताई म्हणाल्या.

अधिकाऱ्यानं संगणकावर काहीतरी टाइप केलं आणि थोडा वेळ पडद्याकडं बघितलं.

“सांध. पेर्ना,” त्यानं वाचलं. “काम की पर्यटन?”

“काम.”

“झालं काम?”

“झालं.”

त्यानं शिक्का मारला, पासपोर्ट परत दिला आणि इक्बालभाईंना पुढं बोलावलं.